हातची वस्तु आणि तिची किंमत

दिवाळी उलटून हवेंत गारवा येऊं लागला कीं महाराष्ट्रांतील शहरांत हस्तव्यवसायाच्या जत्रा भरूं लागतात. शाळेचें पटांगण, एखादें मोकळें मैदान, मंगल कार्यालयाचें आवार, जेथें जागा मिळेल तेथें बांबूचे आणि कापडाचे गाळे उभे राहतात, वर दिव्यांच्या माळा चढतात, आणि चार-आठ दिवस तेथें हातोड्याच्या ठोक्यांचा, लोकरीच्या वासाचा आणि माणसांच्या गर्दीचा एक निराळाच संसार नांदूं लागतो. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं अशी एखादी जत्रा पाहिली असेल. कोणी तेथें झुणका-भाकर खाण्यासाठीं जातो, कोणी मुलांना फिरवून आणण्यासाठीं जातो, तर कोणी घरांत हवी असलेली वस्तु मनांत धरूनच जातो. परंतु या जत्रेचें खरें वैशिष्ट्य खाद्यपदार्थांत नाहीं आणि रोषणाईंतहि नाहीं. बाजारांत नुसती वस्तु भेटते. येथें वस्तूबरोबर ती घडविणारा माणूस भेटतो. हा फरक दिसावयास लहान आहे, पण त्याचे परिणाम फार दूरवर पोंचतात.

घडविणारा आणि वापरणारा यांची ही ओळख आपल्या समाजाला नवी नाहीं. जुन्या गांवगाड्यांत जोडा शिवणारा चर्मकार आणि जोडा घालणारा कुणबी एकमेकांना नांवानें ओळखीत. जोडा उसवला तर कोणाच्या दारीं जावयाचें, हें कोणाला विचारावें लागत नसे. सुगी झाली कीं खळ्यावरच्या धान्यांतून कारागिराचा वांटा निघे. त्या व्यवस्थेंत अन्याय पुष्कळ होता. जातीची बेडी पायांत होती, आणि आपल्या कामाचें मोल स्वतः ठरविण्याचें स्वातंत्र्य कारागिराला नव्हतें; तेव्हां ती व्यवस्था पुन्हां यावी असें कोणीहि सुज्ञ माणूस म्हणणार नाहीं. मात्र ती मोडली तेव्हां तिच्यांतील दोषांबरोबर ही परस्परांची ओळखहि नाहींशी झाली.

यंत्राचा माल येऊं लागल्यावर या प्रश्नाकडे विचारवंतांचें लक्ष गेलें. १८७७ सालच्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हातानें कातलेल्या सुताच्या खादीचा पोषाख करून गेले. १८९० सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत औद्योगिक परिषद भरली. त्या पिढीपुढें प्रश्न होता तो परक्या मालापुढें देशी धंदा टिकावा कसा, हा. आज त्या प्रश्नाचें रूप पालटलें आहे. स्टेनलेस स्टीलचें भांडें इथेंच तयार होतें, प्लॅस्टिकची बादलीहि इथेंच तयार होते. यंत्र आपलें, कामगार आपला आणि गिऱ्हाईकहि आपलेंच. मग हातानें केलेल्या वस्तूसाठीं कोणी अधिक पैसे कां मोजावे? या प्रश्नाला स्वदेशीचें जुनें उत्तर आतां पुरत नाहीं. त्याचें उत्तर गाळ्यावरच शोधावें लागतें.

पुण्याच्या जत्रेंत तांबटाचा गाळा कोणाला विचारावा लागत नाहीं. ठोक्यांच्या आवाजावरून पाय आपोआप तिकडे वळतात. कसबा पेठेंतील तांबट आळी पेशवाईच्या काळापासून नांदती आहे. कोंकणांतून आलेल्या तांबट घराण्यांनीं तेथें घागरी, हंडे, पातेलीं आणि न्हाणीघरांतले बंब घडविले. पुण्याच्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या पहांटेचें पाणी तापलें तें त्यांच्याच हातच्या बंबांत. पुढें ॲल्युमिनियम आलें, मग स्टेनलेस स्टील आलें, शेवटीं प्लॅस्टिक आलें. बंबाची जागा विजेवर आणि गॅसवर चालणाऱ्या उपकरणांनीं घेतली, आणि आळींतले ठोके विरळ होत गेले. आतां कांहीं घरांतून घागरींबरोबर दिव्यांच्या छत्र्या, फुलदाण्या, ताटल्या अशा नव्या घाटाच्या वस्तूहि बाहेर पडूं लागल्या आहेत.

अशाच एका गाळ्यापुढें एके सायंकाळीं एक गृहिणी आपल्या बारा वर्षांच्या मुलासह उभी होती. तिला पिण्याच्या पाण्यासाठीं तांब्याची घागर हवी होती. घागर उचलून तिनें किंमत विचारली, आणि किंमत ऐकून ती परत खालीं ठेवली.

“काका, मोठ्या दुकानांत अशीच घागर याच्या निम्म्या किमतींत मिळते,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. घरखर्चाचा हिशेब जिला ठेवावा लागतो, तिला भाव करणें हें कर्तव्यच वाटतें.

“मिळते ना, ताई,” तांबट म्हणाला. साठी उलटलेला तो गृहस्थ वाद घालणारा दिसला नाहीं. त्यानें गाळ्याच्या मागल्या बाजूनें एक साधी, अद्याप ठोके न घातलेली घागर काढली आणि तिच्या पोटावर आंगठा दाबून पाहण्यास सांगितलें. पत्रा किंचित् आंत गेला आणि आंगठा उचलतांच टप् असा आवाज होऊन पुन्हां बाहेर आला. मग त्यानें तिच्यापुढें विकावयाची घागर सरकविली. तेथें कितीहि दाबलें तरी पत्रा हालेना.

“पत्रा दोन्हींचा सारखाच,” तो म्हणाला. “फरक आहे तो ठोक्यांचा.”

तांब्याचा स्वभाव असा आहे कीं तापविलें असतां तें मऊ पडतें, आणि थंड असतांना ठोकलें कीं कणखर होतें. घाट दिलेलें भांडें लोखंडी ऐरणीवर धरून, तोंड आरशासारखें घांसलेल्या हातोड्यानें, ओळीनें, एकाला लागून एक असे ठोके घालावयाचे, यालाच मठारकाम म्हणतात. घागरीच्या अंगावर जी चकचकीत खवल्यांसारखी नक्षी दिसते, ती नुसती शोभेची नव्हे. पत्र्याला आलेल्या बळकटीची ती खूण असते. पूर्वी घाटहि हातानेंच काढीत. आतां पुष्कळ ठिकाणीं घाट यंत्रावर काढून घेतात आणि मठार तेवढा हातानें करतात. परंतु बळकटी आणि रूप या दोन्ही गोष्टी अद्याप त्या हाताच्याच स्वाधीन आहेत.

मुलगा टक लावून पाहत होता. तांबटानें तांब्याचा एक रद्दी तुकडा ऐरणीवर ठेवला आणि हातोडा त्याच्या हातीं दिला. “घाल बाळ, चार ठोके.” मुलानें मोठ्या उत्साहानें चार ठोके घातले. तुकड्यावर चंद्रकोरीसारखे चार खोल वण उमटले. हातोडा तिरपा पडल्यामुळें त्याचें तोंड न बसतां कांठ बसला होता. तांबटानें त्याच तुकड्यावर शेजारीं आपले चार ठोके घातले. चारी गोल, चारी सारखे आणि चारी एका ओळींत.

“हें यावयास किती दिवस लागतात?” आईनें विचारलें.

“ठोका सरळ पडावयास वर्ष जातें. ओळीकडे न पाहतां ओळ सरळ जावयास पांच-सहा वर्षें लागतात.”

“तुमचीं मुलें करतात का हें काम?”

“थोरला करीत होता. लग्न जमेना, म्हणून नोकरीला लागला. धाकटा सुटीच्या दिवशीं बसतो.” एवढें सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाई मात्र तेथून लगेच हालली नाहीं.

तांबटानें सांगितलेल्या त्या दोन वाक्यांत सगळा प्रश्न सांठविलेला आहे. तांब्याचा भाव तांबट ठरवीत नाहीं. तो बाजारांत ठरतो, आणि कारखानदाराला व तांबटाला धातूचे पैसे मोजावेच लागतात. गाळ्याचें भाडें ठरलेलें असतें. गांवाहून माल आणण्याचा खर्च आणि आठ दिवसांचें राहणें-जेवणें हेंहि कमी होत नाहीं. तेव्हां किमतींतून जें कांहीं कापलें जातें, तें सगळें मजुरींतूनच कापलें जातें. दुसरी कापण्यासारखी जागाच तेथें नसते. समजा, एखाद्या वस्तूची किंमत १०० रुपये आहे, आणि त्यांत ६० रुपये माल, भाडें व प्रवास यांचे आहेत. उरलेले ४० रुपये हातांचे. गिऱ्हाइकानें घासाघीस करून २० रुपये कमी केले, तर त्याला वाटतें कीं आपण किमतींत पांचवा हिस्सा सूट मिळविली. कारागिराच्या घरीं मात्र निम्मी मजुरी गेलेली असते. मोठ्या दुकानांत ज्या पाटीवरच्या किमतीपुढें तोच गिऱ्हाईक एक शब्दहि काढीत नाहीं, त्या किमतींत जाहिरातीचा, थंड हवेचा आणि मधल्या चार हातांचा वांटा असतो. जेथें कांहीं कमी करतां आलें असतें तेथें तो गप्प बसतो, आणि जेथें कमी करण्यासारखें कांहींच नसतें तेथें हट्ट धरतो. हें तो दुष्टपणानें करीत नाहीं, हिशेब माहीत नसल्यामुळें करतो.

वस्तूबरोबर करणाऱ्याचें नांव पोंचलें नाहीं, तर केवढें नुकसान होतें, याचा दाखला कोल्हापुरी वहाणांच्या गाळ्यावर मिळतो. त्यांचें कातडें बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साह्यानें कमविलेलें असतें. शिवण कातड्याच्याच वादीची असते, खिळ्याचा तेथें उपयोग नाहीं. कातडें कापणें आणि तळ जोडणें हें बहुधा पुरुषांचें काम. पट्ट्यावरच्या बारीक वेण्या आणि नाजूक शिवण पुष्कळ घरांत बायका करतात, पण त्यांचें नांव गाळ्याच्या पाटीवर क्वचितच दिसतें. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यांत येतात. असें असतांहि २०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं एका जगप्रसिद्ध पेढीनें आपल्या नव्या पोषाखांच्या प्रदर्शनांत याच घाटाच्या वहाणा मांडल्या, आणि कोल्हापूरचा उल्लेखहि केला नाहीं. भारतांतून ओरड झाल्यावर त्या पेढीनें मूळ कल्पना भारतीय कारागिरीची असल्याचें मान्य केलें. वस्तूवरून करणाऱ्याचें नांव पुसलें गेलें कीं तिचें मोल दुसऱ्याच्याच खिशांत जाऊन पडतें. मग तें नांव मिलानमध्यें पुसलें जावो कीं घराशेजारच्या बाजारांत. जत्रेंत वहाण घेणाऱ्यानें करणाऱ्याचें नांव आणि गांव विचारून घेतलें, तर एवढ्यानेंहि त्या पुसण्याला थोडा अटकाव होतो.

पुढच्या ओळींतील घोंगड्यांचा गाळा दिसण्याच्या आधीं वासावरून समजतो. दख्खनी मेंढीची लोकर कातरून, पिंजून आणि कातून तिचें घोंगडें खड्ड्याच्या मागावर विणतात. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवें घोंगडें ताठ असतें आणि अंगाला टोंचतें. शहरांतील गिऱ्हाईक त्यावर हात फिरवितो, ‘टोंचतें’ असें म्हणतो आणि पुढें जातो. ज्यानें तें पावसांत खोळ म्हणून डोक्यावर घेतलें आहे आणि रात्रीं अंथरलें आहे, तो मात्र जाणतो कीं वापरानें घोंगडें मऊ होत जातें आणि एक माणूस पुष्कळ वर्षें सांभाळतें. विणकराची अडचण टोंचण्याची नाहीं, लोकरीची आहे. धनगरांना आतां मेंढी पोसावी लागते ती मुख्यतः मांसासाठीं. त्यामुळें अंगावर फारशी लोकर नसलेल्या जातींच्या मेंढ्या कळपांत वाढत चालल्या आहेत. लोकर कातरली तरी तिला गिऱ्हाईक मिळेलच असें नसतें, आणि पुष्कळदां ती टाकून द्यावी लागते. जत्रेंत विकलेलें एक घोंगडें अशा रीतीनें एकट्या विणकरापुरतें राहत नाहीं. त्याच्या मागें कातणारी बाई आहे, कातरणारा धनगर आहे, आणि माळावर चरणारी ती काळी मेंढीहि आहे.

चिंचोक्याची हीच खळ कोंकणच्या गाळ्यावर अगदीं निराळ्या रूपांत भेटते. सावंतवाडीचे चितारी तिनेंच कापड ताठ करतात, त्यावर खडूचा लेप देतात, आणि त्याचीं गोल पानें कापून गंजिफा रंगवितात. दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, अशीं १२० पानें असतात, आणि त्यांतील प्रत्येक पान हातानें चितारलेलें असतें. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर हा खेळ मागें पडला आणि ती कला जाणणारे हात अगदींच थोडे उरले. १९७० नंतरच्या दहा वर्षांत सावंतवाडीच्या राजघराण्यांतील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनीं त्यांत लक्ष घातलें. सत्त्वशीलादेवी स्वतः वृद्ध चिताऱ्यांकडून ती कला शिकल्या, आणि राजवाड्यांतच चिताऱ्यांना बसून काम करण्यास जागा मिळाली. ग्रंथ जळाला तरी त्याची दुसरी प्रत कोठेंतरी मिळूं शकते. हाताची विद्या मात्र शिकविणारा हात गेल्यावर कोठेंच मिळत नाहीं. ती वेळींच शिकून घेतली गेली, म्हणून तेवढी वांचली.

याचा अर्थ कारागिरानें जुनें तेंच धरून बसावें असा नाहीं. मिरजेचे तंबोरे आणि सतारी आज देशभर नांवाजलेल्या आहेत, आणि २०२४ सालीं त्यांनाहि भौगोलिक निर्देशन मिळालें आहे. पण तो धंदा मूळचा वाद्यांचा नव्हे. शस्त्रांना धार आणि झिलई करणाऱ्या शिकलगारांपैकीं कांहींनीं, तलवारीचें काम सरूं लागल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तंतुवाद्यें दुरुस्त करण्यास आणि पुढें स्वतः घडविण्यास आरंभ केला. पोलादावर चाललेला हात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यावर चालूं लागला. आज तेथील कारागीर घोडी घांसून जवारी काढतो, तेव्हां तार नेमकी केव्हां बोलूं लागली, हें त्याला कोणतेंहि माप सांगत नाहीं. तें त्याचा कान सांगतो. हत्यार बदललें, वस्तु बदलली, गिऱ्हाईक बदललें, पण हाताची शिस्त टिकली, म्हणून धंदा टिकला.

गिऱ्हाइकाची बाजूहि येथें मांडली पाहिजे. जत्रेंतील प्रत्येक गाळा कारागिराचा असतोच असें नाहीं. भाडें जड झालें कीं कारागीर मागें राहतो आणि घाऊक माल आणणारा व्यापारी ‘हातकाम’ अशी पाटी लावून पुढें बसतो. मठारासारखे ठसे यंत्रानेंहि उठवितां येतात, आणि वादीच्या शिवणीसारखी दिसणारी शिवणहि घालतां येते. म्हणून पारखून घेण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे. किंमत विचारण्याच्या आधीं त्यानें तीन प्रश्न विचारावे: ही वस्तु कोणीं केली, कशाची केली, आणि मोडली तर दुरुस्त कोण करील? खरा कारागीर या प्रश्नांनीं सुखावतो, कारण तळ झिजलेली वहाण त्याच्याकडेच परत येते, स्वयंपाकाच्या पातेल्याची कल्हई गेली तर कोठें जावें हें तोच सांगतो, आणि तंबोऱ्याची जवारी तोच पुन्हां काढून देतो. नुसता विकणारा असेल, तर तिसऱ्या प्रश्नापाशीं तो अडखळतो.

आणखी एक गोष्ट आहे. कारागिराची कींव येऊन घेतलेली वस्तु बहुधा माळ्यावर जाऊन पडते, आणि पुढल्या वर्षीं तो गिऱ्हाईक पुन्हां येत नाहीं. दयेवर कोणताहि धंदा चालत नाहीं, आणि स्वाभिमानी कारागिराला ती दया नकोहि असते. जी वस्तु घरांत रोज हाताळली जाईल तीच घ्यावी. वर्षाकाठीं एक घेतली तरी चालेल, परंतु ती घेतांना तिची किंमत पुरी द्यावी. थोरल्या मुलाचें लग्न हातोड्यापायीं अडतें, कीं धाकटा सुटीच्या दिवसाऐवजीं रोज ऐरणीपाशीं बसतो, याचा निकाल सरकारी योजना आणि प्रदर्शनें यांच्यावर जितका अवलंबून आहे, तितकाच या लहानशा व्यवहारावरहि आहे.

त्या सायंकाळीं ती गृहिणी सगळी जत्रा पाहून दिवे लागल्यावर पुन्हां तांबटाच्या गाळ्यापाशीं आली. “काका, मोठी घागर मला परवडत नाहीं,” ती म्हणाली. “ती लहान द्या.” लहान घागरीची किंमत तिनें विचारली आणि तेवढे पैसे मोजून दिले. पावतीच्या पाठीवर तिनें तांबटाचें नांव आणि आळींतल्या घराचा पत्ता लिहून घेतला. मुलानें मात्र घागरीकडे पाहिलेंहि नाहीं. त्याला तो रद्दी तुकडा हवा होता. तांबटानें तो उचलून त्याच्या हातावर ठेवला. एका बाजूस मुलाच्या चार वांकड्या चंद्रकोरी होत्या, आणि दुसऱ्या बाजूस म्हाताऱ्याचे चार गोल ठोके होते. घरीं जाईपर्यंत मुलगा त्या दोहोंवरून आळीपाळीनें बोट फिरवीत होता.